गुलाबी शेपटीच्या खारीची किंमत

किंमत जाहीर झाली तेव्हा कवळीकाका एका आजोबांचे खालचे दात मेणात बसवत होते. मोबाईल टेबलाच्या खणात टाकलेला होता, आणि तो असा काही थरथरायला लागला की खणातल्या कानशी खडखड वाजू लागल्या. काकांनी एकदा काणाडोळा केला, दुसऱ्यांदा केला. पुढे काही त्यांना राहवेना. हातातलं काम संपेपर्यंत स्वस्थ बसणं या माणसाला कधी जमलंच नाही. गंमत अशी, की धंदा मात्र निवडला सगळा थांबण्याचा. प्लास्टर सुकेपर्यंत थांबा, मेण घट्ट होईपर्यंत थांबा, साचा मंद आचेवर उकळेपर्यंत थांबा, उकळला की तो निवेपर्यंत पुन्हा थांबा. जन्मभर थांबत आले आणि जन्मभर चुळबुळत आले.

हे कवळीकाका कोण, ते आधी सांगायला हवं. दातांच्या एका दवाखान्यामागे चिंचोळी खोली आहे. खिडकी उघडली की समोर भिंत आणि भिंतीवर पाण्याचा पाइप. त्या खोलीत बसून ते लोकांच्या कवळ्या करतात, म्हणून कवळीकाका. खरं नाव दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना माहीत असेल, बायकोला नक्की माहीत आहे, बाकी जगाचं त्यावाचून काही अडलेलं नाही. खालच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असतात. नवा माणूस आत शिरला की दचकतोच. आणि वरच्या फळीवर, काचेच्या कपाटात, डुलके.

डुलके म्हणजे मुठीत मावतील एवढे प्राणी. अस्वल, घुबड, कासव, खार, असे बरेच. पोटात लोखंडाची गोळी, त्यामुळे टिचकी मारली की मान हलवत बसतात. कोणे एके काळी घरोघरी होते. मग ते करणारा कारखाना बुडाला, मुलं मोठी झाली, डुलके माळ्यावर गेले. पण काही माणसं मोठी होऊनही त्यातून सुटली नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात, केस पांढरे झालेत, आणि तरी एखादं जुनं कासव मिळालं की त्यांना घास गोड लागतो. अशा माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे आणि त्या ग्रुपात कवळीकाकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. डुलका अस्सल की नकली, हे काका पोटावरची शिवण पाहून सांगतात. कान तुटला, शिंग मोडलं, तर कवळीच्या हिरड्यांच्याच मसाल्यात रंग कालवून असं बेमालूम बसवून देतात की मालकालाही जोड सापडू नये. पण देताना सांगतात, "हे बघा, शिंग माझं आहे. विकायला गेलात तर तसं सांगून विका." म्हणून तर त्यांच्या शब्दाला वजन.

आता एका कंपनीनं ते डुलके पुन्हा काढले होते, आणि नुसते काढले नव्हते, त्यांचा व्हिडिओ गेम केला होता. टीव्हीला एक चकती जोडायची, चकतीवर डुलका ठेवायचा, की तो पडद्यावरच्या बेटावर चालायला लागतो. झाडावर चढतो, होडीत बसतो. ग्रुप गेलं वर्षभर आनंदानं नुसता तरंगत होता. आणि काकांचं तर विचारूच नका, कारण त्या कंपनीत त्यांची लेक होती. नोकरी नवी, अजून कायम व्हायची. प्राण्यांचे फोटो, प्राण्यांची माहिती, हे तिचं काम. काकांनी स्वतःच्या कपाटातले डुलके एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि पडद्यावर आणि नव्या डुलक्यांत हुबेहूब उतरवायला तिच्या हाती कंपनीत पाठवले. लेकीनंही स्वतःच्या खोलीतली खार त्या गाठोड्यात ठेवली.

तर त्या दिवशी सकाळी किंमत आली. काकांनी हात पुसून मोबाईल उघडला तर ग्रुपात आग लागलेली.

"चकती आणि गेम मिळून ठीक होतं हो, पण प्राणी प्रत्येकी वेगळा? बेटावर काय नुसती झाडं बघत बसायचं?"

"एक अस्वल फुकट दिलंय. उपकारच झाले."

"आमचे जुने डुलके चकतीवर चालत नाहीत म्हणे. पोटात चिप पाहिजे. म्हणजे चाळीस वर्षं जपलेलं घुबड आता घरात पाहुणं, आणि परवा आलेलं घरचं!"

"माझ्या मुलाला सांगितलं होतं घेऊ म्हणून. आता त्याला काय तोंड दाखवू?"

ग्रुपात एक बेकरीवाला आहे. भट्टीसमोर उभं राहून राहून त्याचा स्वभावही तसाच झालाय. त्यानं लिहिलं, "आपल्याच लहानपणाची खंडणी मागतायत हे लोक. मी एक दमडी देणार नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आणि मग त्यानंच खाली एक फोटो टाकला. "आणि हे बघितलंत का? हा तर कळसच आहे!"

फोटो खारीचा होता. खाली लिहिलं होतं, "अतिदुर्मिळ. गुलाबी शेपटीची खार." आणि किंमत? गेम आणि चकती मिळून होते त्यापेक्षाही जास्त. काकांना सगळे हिशेब कवळीत करायची सवय. एवढ्या पैशांत एखाद्याचे वरचे सगळे दात होतात, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला.

शेपटीच्या टोकाशी एक बारीक खळगा होता. बुडबुड्याचा.

तो बुडबुडा त्यांनी डोळे मिटून चाचपूनही ओळखला असता. ती खार दुर्मिळ बिर्मिळ काही नव्हती. ती त्यांच्या लेकीची खार होती.

लेक तेव्हा एवढीशी. दुधाचे दात पडत होते. खार हातातून निसटली आणि शेपटी गेली. खारीची शेपटी नाजूकच, सगळ्यांच्या घरी पहिल्यांदा तीच जायची. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. जेवायची नाही, झोपायची नाही, नुसतं ते शेपटीविना ध्यान छातीशी धरून हुंदके. काकांना ते बघवेना. तेव्हा रंग कालवायची विद्या त्यांना अजून आली नव्हती. हाताशी होता तो कवळीचा गुलाबी मसाला. त्याचीच शेपटी केली. साचा पाण्यात उकळत ठेवला, पण बाहेर पोर रडतेय आणि आत बाप आच मंद ठेवून शांत बसतोय, हे व्हायचं कसं? त्यांनी ज्योत मोठी केली. कवळीच्या मसाल्याला घाई चालत नाही. घाई केली की आत वाफ अडकते आणि बुडबुडा राहतो. तसा राहिला.

गुलाबी शेपटी बघून पोरीनं विचारलं, "ही अशी का?"

काका म्हणाले, "तुझा दात पडला, आता नवा येतोय ना? तशी हिची शेपटी पडली, नवी आली. नवं येतं ते आधी असंच असतं."

पोरीला पटलं. त्या बुडबुड्याच्या खळग्यात नख घालून ती झोपायला लागली. ती सवय किती तरी वर्षं टिकली.

आणि आता तिच्यावरून काढलेली खार विकायला, अतिदुर्मिळ म्हणून.

हे झालं कसं? प्राण्यांची माहिती कोण लिहितं? लेक. म्हणजे तिनंच लिहिलं असणार. लहानपणची गोष्ट तिला खरीच वाटत राहिली की काय? की विसरली? आणि हे उघडकीला आलं तर? महिन्यापूर्वीच जेवताना तिनं सांगितलं होतं, मांजराचा रंग चुकीचा दिला म्हणून एकाला तिथून नारळ मिळाला. इथे तर नुसता रंग नाही, कवळीच्या मसाल्याची अख्खी शेपटी दुर्मिळ म्हणून विकायला काढली होती. तिची नोकरी अजून कायम नाही.

त्यांनी फोन लावला. लेकीनं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. मग एक ओळ आली: "नंतर बोलते."

आता "नंतर बोलते" म्हणजे काय? कामात आहे, की रडतेय, की साहेबांपुढे उभी आहे? काकांनी त्या दोन शब्दांचे शंभर अर्थ लावले, आणि एकही बरा लागेना.

इकडे ग्रुप त्यांच्याकडे वळला होता. "काका, तुम्ही सांगा. अशी खार कधी होती का?" "काकांनी बघितली नाही तर ती नव्हतीच." "काका कुठे आहेत?" "काका, बोला!" काका खोलीत येरझाऱ्या घालत होते. येरझाऱ्या कसल्या, चार पावलं गेलं की भिंत आणि चार पावलं आलं की जबडे. एकदा त्यांनी लिहिलं, "ही खार", आणि खोडलं. मग लिहिलं, "मित्रहो", तेही खोडलं. त्या गडबडीत आजोबांचा उजवा सुळा डावीकडे बसवला आणि डावा उजवीकडे. डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि कपाळाला हात लावला.

"काका, अहो लक्ष कुठाय आज? त्या आजोबांनी जेवायचं कसं, उलट्या दातांनी?"

"करतो, करतो. परत करतो."

"बरं वाटत नाहीये का? घरी जा हवं तर."

काका घरी गेले. घरी बसून तरी काय होणार होतं? बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काम करते, त्या दिवशी तिची सुट्टी होती. जन्मभर रांगेतल्या लोकांची घाई बघून तिला घाईचा तिटकारा बसलाय. काकांनी सगळं सांगितलं. तिनं एक घडी पुरी केली.

"तिला विचारलंत?"

"फोन उचलत नाही ना ती!"

"मग उचलेल तेव्हा विचारा."

"अगं, तोवर हे लोक शोधून काढतील! तो बेकरीवाला आहे ना, तो मुळापर्यंत जाणारा माणूस आहे."

"जाऊ दे मुळापर्यंत. तुम्ही बसा. तुमच्या त्या फेऱ्यांनी मला गरगरायला लागलंय."

काका बसले. उठले. बेकरीवाला मुळापर्यंत पोचलाच होता. त्याला गेमच्या माहितीत अगदी तळाशी एक ओळ सापडली होती, डुलके दिल्याबद्दल कवळीकाकांचे आभार. त्यानं ती ग्रुपात चिकटवली आणि खाली लिहिलं, "आता कळलं काका गप्प का आहेत. काका, किती मिळाले?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक छदाम घेतला नव्हता हो त्यांनी! उलट फडकी घरची, बसचं भाडं घरचं. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की त्याखाली कुणी "असं बोलू नका" म्हणालं नाही. एका नर्सताईंनी तेवढं लिहिलं, "काका खोटं बोलणार नाहीत. ते म्हणतील ते मी मानीन." नर्सताई इस्पितळात काम करतात, एकट्या राहतात, आणि त्यांच्याकडे सगळे डुलके आहेत, फक्त खार धड नाही. त्यांच्या खारीची शेपटी लहानपणीच गेलेली.

एकीकडे आपलं नाव, एकीकडे लेकीची नोकरी. काकांनी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला थांबावं लागतं. त्यांनी दारात उभ्या उभ्या लिहिलं, "खार अस्सल आहे. मी पूर्वी पाहिलेली आहे. मी हमी देतो." आणि पाठवून टाकलं.

"काय केलंत?" बायकोनं विचारलं.

"केलं एकदाचं."

"काय केलंत ते विचारतेय मी."

त्यांनी सांगितलं. बायकोच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

मग पहिला मजकूर आला तो नर्सताईंचा. "काकांनी हमी दिली, विषय संपला. मी खार मागवली. महाग आहे, पण आयुष्यात एकदा. माझं घुबड आणि दोन कासवं विकायची आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा." मागोमाग आणखी दोघांनी मागवली. बेकरीवाल्यानं लिहिलं, "काका, माफ करा. भलतं बोललो. मीही एक घेतोय."

सकाळी एक दमडी देणार नाही म्हणणारा माणूस! माफी मागणाऱ्याला "मागू नको रे" असं ओरडून सांगावंसं वाटलं, आणि ते तर करता येत नव्हतं. घुबड विकणाऱ्या नर्सताईंना काय सांगणार? ते बाल्कनीत गेले, आत आले, पाणी प्यायले, पुन्हा बाल्कनीत गेले. खाली रस्त्यावर कुणी सायकलचं पंक्चर काढत बसलं होतं. त्याच्याकडे नुसतेच बघत राहिले.

दिवेलागणीला लेक आली. चपला दारात भिरकावल्या. बॅग सोफ्यावर टाकली. गळ्यात रोज असणारं ओळखपत्र नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही हे काय लिहिलंत?"

"तुझ्यासाठीच लिहिलं, बाळा. म्हटलं तुझ्यावर बालंट नको."

"माझ्यावर कसलं बालंट? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना, की ही खार माझी आहे, शेपटी माझ्या वडिलांनी बसवलीय, कवळीच्या मसाल्याची. साहेब म्हणाले, छान गोष्ट आहे, राहू दे बेटावर. मला वाटलं, असेल सगळ्यांबरोबर एक. दुर्मिळ हा शब्द आणि ती किंमत मी आज सकाळीच बघितली, तुम्ही बघितली तेव्हाच."

काका उभे होते ते खुर्चीच्या हातावर टेकले.

"मग मी भांडले. दिवसभर भांडत होते. म्हणून तर फोन घेत नव्हते. म्हटलं, हे खोटं आहे, काढा. लोकही शिव्या घालतायत म्हटलं. शेवटी साहेब म्हणाले, ठीक आहे, काढू संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल घेऊन आत आलं." ती सोफ्यावर बसली. "साहेबांनी तुमची ग्रुपातली हमी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. म्हणाले, हे बघा, जगात डुलक्यांमधलं ज्यांना सगळ्यात जास्त कळतं, ते हमी देतायत. आणि ते तुझे वडील आहेत. आता खरं कोण बोलतंय, तू की ते? सगळे हसले, बाबा."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तुम्हाला खोटं पाडू? ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि आले."

मग आई उठली आणि तिनं लेकीला पाणी दिलं.

"एकदा मला विचारायचं होतं ना," लेक म्हणाली.

"तू फोन उचलला नाहीस."

"मग थांबायचं होतं!"

काकांनी वाकून दारात भिरकावलेल्या तिच्या चपला जोडीनं लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती जागी होती. ऑफिसला जायचं नव्हतं तरी वेळेवर उठली होती.

"माझ्याबरोबर खोलीवर येतेस? कुणीतरी मोबाईल धरायला हवाय."

ती आली. कशाला, ते विचारलंसुद्धा नाही. काकांनी टेबल साफ केलं, हात धुतले आणि ग्रुपात सांगितलं की सगळ्यांनी मोबाईलवर या, थेट दाखवायचंय. बेकरीवाला आला, नर्सताई ड्यूटीवरून परतताना बसमधून आल्या, बाकीचेही आले.

"काल मी हमी दिली," काका म्हणाले, "ती खोटी होती. ती शेपटी मी केलेली आहे. कशी केली ते आता करून दाखवतो, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. ज्यांनी मागवलीय त्यांनी रद्द करा."

त्यांनी मेणाची शेपटी कोरली. प्लास्टरमध्ये बसवली. मेण वितळवून काढलं. गुलाबी पावडर आणि द्राव वाटीत कालवला, त्याचा चिकटपणा जाईपर्यंत वाट पाहिली, साच्यात भरला, साचा दाबयंत्रात आवळला. मग साचा पाण्यात ठेवला आणि खालची ज्योत अगदी बारीक केली.

आणि सुरू झालं थांबणं. मोबाईलवर मजकूर येत होते. "अजून किती वेळ?" "काका, उघडा की!" "हे असंच बघत बसायचं का?" कुणी रागानं निघून गेलं, कुणी शिवी दिली, कुणी पुन्हा आलं. काकांचे पाय टेबलाखाली नाचत होते. दोनदा हात आपोआप ज्योतीच्या खटक्याकडे गेला. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यावर बसले. लेकीनं मोबाईल धरलेला हात बदलला. ती हसली नाही, पण तिनं ते बघितलं.

साचा उकळला. मग निवला. पुरता निवला, तेव्हाच काकांनी तो उघडला. शेपटी काढली, घासली, मोटरवर चकचकीत केली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. ती आणि कंपनीच्या फोटोतली, एकाच आईच्या दोन मुली.

मग नर्सताईंनी लिहिलं, "रद्द केली." थोड्या वेळानं पुन्हा लिहिलं, "घुबड विकणार नाही. पण काका, काल तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी."

जेवणाच्या वेळेपर्यंत कंपनीनं "अतिदुर्मिळ" हा शब्द काढला. त्याजागी आलं, "कसबी हातांनी दुरुस्त केलेली, जगात एकमेव." आणि किंमत वाढवली. ग्रुपात पुन्हा भडका उडाला. या खेपेला काकांनी मोबाईल खणात टाकला आणि खण ढकलून दिला.

"तुझी खार मागून घेऊ," ते लेकीला म्हणाले. "आपली आहे ती. मी जातो उद्या."

"दिली तर."

"नाही दिली तर ही आहे. दुसरी खार शोधतो, तिला बसवतो. तशीच होईल."

लेकीनं टेबलावरची शेपटी उचलली. टोकाशी नख फिरवलं. इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. सगळीकडे गुळगुळीत होती.

"यात बुडबुडा नाही," ती म्हणाली.

"नाही. आज थांबलो ना."

"मग ही माझी नाही, बाबा," असं म्हणून तिनं ती शेपटी त्यांच्या तळहातावर परत ठेवली.